प्रतिसाद: क्रॅनलीला अजून खेडं का म्हणायचं?

वर विचारलंय की अकरा हजारांहून जास्त वस्ती असलेल्या, इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या क्रॅनलीला खेडं का म्हणायचं. इंग्लंडमधलं सर्वांत मोठं खेडं हा मान गावकरी अभिमानाने मिरवतात, आणि त्या मानावर दावा सांगणारी गावं आणखीही आहेत. गावपातळीचा कारभारही अजून पॅरिश कौन्सिलकडेच, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेकडेच आहे. पण मला मोलाचं वाटतं ते तिथलं इस्पितळ.

१८५९ साली आल्बर्ट नॅपर या डॉक्टरने ते सुरू केलं. गावच्या चर्चचे रेक्टर (मुख्य धर्मगुरू) सॅप्टे यांनी चर्चजवळचं एक जुनं लाकडी चौकटीचं घर बिनभाड्याने दिलं. तोवर शेतमजुराला अपघात झाला की दूर शहरातलं रुग्णालय गाठावं लागे. रस्त्यातच हाल व्हायचे. इथे घरासारख्याच खोलीत खाट, ओळखीचा डॉक्टर आणि ऐपतीप्रमाणे आठवड्याचे पैसे. ही पद्धत पुढे इंग्लंडभर गावोगाव गेली. एका गावाने एवढं करून दाखवलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

रेल्वे बंद झाली तेव्हाच गाव संपलं, असं कुणी म्हणेल, पण ते मात्र पटत नाही. १८६५ साली आलेला गिल्डफर्ड-हॉर्शम रेल्वेमार्ग १९६५ साली बंद झाला, हे खरं. आता त्याच वाटेवर डाउन्स लिंक नावाची पायवाट आहे. लोक चालतात, सायकली आणि घोडे नेतात.