एटॅक-सीकच्या शिखरांतून नियामक प्रदेश कसे ओळखावेत?

जिज्ञासू२२:
मी रेणवीय जीवशास्त्राची विद्यार्थिनी असून संगणकीय विश्लेषण स्वतःच शिकत आहे. सरावासाठी के-५६२ या रक्तकर्करोगाच्या पेशींची खुली एटॅक-सीक (डीएनएचे मोकळे भाग शोधणाऱ्या प्रयोगाची) माहिती घेतली, रीड्स, म्हणजे वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे, मानवी जीनोमशी जुळवले आणि मॅक्स-२ ही संगणकप्रणाली वापरून शिखरे, म्हणजे रीड्स दाटलेल्या जागा (पीक्स), काढली. एका प्रतिकृतीत (त्याच प्रयोगाच्या एका पुनरावृत्तीत) दुसरीच्या जवळपास दुप्पट शिखरे मिळाली, हे पहिले कोडे. दुसरे असे, की मिळालेल्या शिखरांपैकी खरोखर नियामक प्रदेश, म्हणजे जनुकांचे काम नियंत्रित करणारे डीएनएचे भाग, कोणते, हे ठरवण्याचा निकष मला सापडलेला नाही. सध्या प्रत्येक शिखर मी सर्वांत जवळच्या जनुकाच्या नावावर टाकते आहे. पुढे याच यादीवर मशीन लर्निंगचे एक मॉडेल शिकवायचे आहे, म्हणून पाया कच्चा राहू नये असे वाटते.

क्रोमॅटिनवाचक:
शिखरांच्या संख्येवरून कोणताही निष्कर्ष काढू नका, कारण सिक्वेन्सिंग (डीएनए वाचन) जितके खोल तितकी दुबळी शिखरेही उंबरठा ओलांडतात. आधी दोन्ही प्रतिकृतींतील वापरण्याजोगे रीड्स सारख्या संख्येवर आणा. वापरण्याजोगे म्हणजे दुबार आलेले, अनेक ठिकाणी जुळणारे आणि मायटोकॉन्ड्रियातले रीड्स वगळून उरलेले. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवर न्यूक्लिओसोम (डीएनए ज्यांभोवती गुंडाळला जातो ते प्रथिनांचे गोळे) नसल्यामुळे टीएन५ हे एटॅक-सीकमध्ये डीएनए कापणारे विकर तिथे निर्वेध कापत सुटते आणि फसलेल्या प्रयोगात निम्म्याहून अधिक रीड्स तिथेच खर्ची पडू शकतात.

त्यानंतर तुकड्यांच्या लांबीचा आलेख काढा. चांगल्या एटॅक-सीकमध्ये १०० बेसजोड्यांच्या आतला एक मोठा उंचवटा आणि २०० च्या आसपास दुसरा, लहान उंचवटा दिसतो; पहिला मोकळ्या डीएनएचा, तर दुसरा एका न्यूक्लिओसोमभोवतीच्या तुकड्यांचा, कारण न्यूक्लिओसोमभोवती सुमारे १४७ बेसजोड्या गुंडाळलेल्या असतात. ही पायऱ्यांची रचना दिसत नसेल, तर शिखरे मोजण्याआधी त्या प्रतिकृतीवरच शंका घ्यावी.

मॅक्स मुळात २००८ मध्ये चिप-सीकसाठी, म्हणजे डीएनएवर ठरावीक प्रथिन किंवा खूण कुठे आहे हे शोधणाऱ्या पद्धतीसाठी, आले. चिप-सीकमध्ये प्रथिन तुकड्याच्या मध्ये कुठेतरी असते आणि रीड्स त्याच्या दोन्ही बाजूंना पडतात. एटॅक-सीकमध्ये मात्र जिथे काप पडला ती जागाच संकेत असते. म्हणून मूळ मांडणी जशीच्या तशी न वापरता मॅक्समधील मॉडेल बांधण्याची पायरी बंद करावी आणि रीडचे टोक ७५ बेस मागे सरकवून तिथून १५० बेसची खिडकी घ्यावी, म्हणजे खिडकी कापावर मध्यभागी येते.

हे सारे झाल्यावर, आणि माझ्या मते याआधीही, जीनोम ब्राउझर उघडून बीटा-ग्लोबिन जनुकसमूह डोळ्यांनी पाहा. के-५६२ पेशींत तिथला लोकस कंट्रोल रीजन, म्हणजे त्या जनुकांचे नियंत्रण करणारा भाग, मोकळा असतो. तो तुमच्या माहितीत उठून दिसत नसेल, तर आकडेवारीच्या कोणत्याही तक्त्यावर विश्वास ठेवू नका.

दूरस्थ:
शिखर फक्त एवढेच सांगते, की इथले क्रोमॅटिन (प्रथिनांसह गुंडाळलेला डीएनए) मोकळे आहे. प्रमोटर (जनुकाच्या सुरुवातीचा भाग), एन्हान्सर (जनुकाची अभिव्यक्ती वाढवणारा तुकडा), जीनोमच्या घड्या सांभाळणाऱ्या सीटीसीएफ प्रथिनाने बांधलेली जागा, अशा सगळ्याच जागा मोकळ्या दिसतात. त्यामुळे त्याच पेशींची चिप-सीक माहिती शेजारी ठेवावी लागते: एच३के४मी३ ही हिस्टोन प्रथिनावरील रासायनिक खूण ठळक असेल तर बहुधा प्रमोटर, एच३के४मी१ या खुणेसोबत एच३के२७एसी असेल तर सक्रिय एन्हान्सरची शक्यता, एन्हान्सरच्या या दोन्ही खुणा नसून सीटीसीएफ असेल, तर त्याला एन्हान्सर म्हणण्याची घाई नको.

जवळच्या जनुकाचा नियम ही केवळ सोय आहे. १९८१ मध्ये एसव्ही४० विषाणूच्या ७२ बेसजोड्यांच्या तुकड्यांवरून एन्हान्सरची कल्पना पुढे आली, तेव्हाच हे स्पष्ट झाले होते, की असा तुकडा दूरवरून आणि दिशा उलटली तरी काम करतो. माणसात एसएचएच जनुकाचा झेडआरएस हा एन्हान्सर सुमारे १० लाख बेसजोड्या दूर, एलएमबीआर१ या वेगळ्याच जनुकाच्या इंट्रॉनमध्ये (प्रथिनाची माहिती नसलेल्या भागात) आहे, आणि त्यातील एकेका बेसच्या बदलाने बाळाला जास्तीची बोटे येतात. तुमच्या पद्धतीने हे शिखर निमूटपणे एलएमबीआर१ च्या खात्यात जमा झाले असते. हाय-सीसारखी (डीएनएचे कोणते भाग एकमेकांजवळ येतात ते दाखवणारी) माहिती मिळाली तर संपर्काचा आधार घेता येतो, पण संपर्क म्हणजे परिणाम नव्हे. तो त्या जागेवर क्रिस्पर-आय (तिथले काम दाबणारे तंत्र) वापरून, कोणत्या जनुकाची अभिव्यक्ती घटते हे पाहूनच सिद्ध होतो.

जिज्ञासू२२:
दोघांचेही आभार. रीड्स समान संख्येवर आणल्यावर तफावत बरीच घटली. उरलेल्या फरकातील शिखरे मुख्यतः दुबळी आहेत, म्हणून दोन्ही प्रतिकृतींत सापडणारीच ठेवते आहे. ग्लोबिन समूहात अपेक्षित शिखरे दिसली. मॉडेलसाठी शिखरे यादृच्छिकपणे ८० आणि २० टक्क्यांत विभागली तर चालेल ना?

क्रोमॅटिनवाचक:
नाही. शेजारची शिखरे आणि द्विगुणित झालेले जनुकप्रदेश एकमेकांसारखे असतात, त्यामुळे यादृच्छिक विभागणीत परीक्षेची उत्तरे अभ्यासातच फुटतात. एक-दोन संपूर्ण गुणसूत्रे बाजूला ठेवून त्यांवरच चाचणी घ्या. शिवाय नकारात्मक उदाहरणे (शिखर नसलेल्या जागा) निवडताना जीसी प्रमाण, म्हणजे जी आणि सी या बेसचे प्रमाण, शिखरांइतकेच ठेवा, नाही तर मॉडेल नियमन न शिकता फक्त जीसी मोजायला शिकेल आणि गुण मात्र उत्तम दाखवील.