मुक्त प्रवेशाने शोधनिबंध प्रसिद्ध केल्यास संशोधकाचा नेमका काय लाभ होतो?

जिज्ञासू: माझा पीएच.डी.चा पहिला शोधनिबंध जवळजवळ तयार आहे. मार्गदर्शकांचा कल वर्गणी भरूनच वाचता येणाऱ्या एका प्रतिष्ठित जर्नलकडे आहे, तर सहकारी म्हणतात की ओपन ॲक्सेस म्हणजे मुक्त प्रवेशाच्या जर्नलमध्ये दिल्यास त्याचा उल्लेख इतरांच्या लेखनात अधिक वेळा होईल. हे कितपत खरे आहे? वाचकाला फुकट वाचायला मिळते हे समजले, पण लेखकाच्या पदरात काय पडते?

ग्रंथपाल: उल्लेखांच्या आश्वासनावर फार विसंबू नका. मुक्त निबंधांचे उल्लेख अधिक होतात असे अनेक पाहण्यांत दिसते, परंतु चांगले निबंधच अधिक प्रमाणात मुक्त ठेवले जात असतील, तर तो गुण निबंधाचा की मुक्ततेचा, हे नुसत्या आकड्यांवरून ठरत नाही. २००८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या एका प्रयोगात ११ जर्नलांतील काही निबंध चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे यादृच्छिकपणे मुक्त केले होते. त्यांची डाउनलोड संख्या वाढली, पहिल्या वर्षातील उल्लेख मात्र वाढले नाहीत. माझ्या मते खरा लाभ या वाढलेल्या वाचकांतच आहे. रुग्ण तपासणारा डॉक्टर, धोरणाचा मसुदा लिहिणारा अधिकारी किंवा वर्गणी न परवडणाऱ्या महाविद्यालयातील शिक्षक तुमचा निबंध वाचून कामाला लावतो, पण स्वतः शोधनिबंध लिहीत नसल्यामुळे त्याची नोंद कोणत्याही उल्लेखसूचीत होत नाही.

तळटीप (चर्चेतील आणखी एक सभासद): हक्कांचा मुद्दा राहिला. पारंपरिक करारात बहुधा कॉपीराइट प्रकाशकाकडे जातो आणि मग स्वतः काढलेली आकृती स्वतःच्याच पुस्तकात घेण्यासाठीही करार उघडून पाहावा लागतो, प्रसंगी परवानगी मागावी लागते. (ज्याने हे एकदा केले, त्याला मुक्त प्रवेशाचे महत्त्व वेगळे पटवावे लागत नाही.) क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'सीसी बाय' परवान्याखाली सामान्यतः कॉपीराइट लेखकाकडेच राहतो आणि श्रेय देण्याच्या अटीवर कोणालाही निबंधाचे भाषांतर किंवा पुनर्वापर करता येतो.

जिज्ञासू: दोघांचेही आभार. पण प्रकाशनशुल्काचे काय? मला कोणतेही अनुदान नाही.

ग्रंथपाल: शुल्क म्हणजेच मुक्त प्रवेश, हा समज चुकीचा आहे. 'नेचर'ने २०२१पासून मुक्त प्रकाशनासाठी ९,५०० युरो आकारायला सुरुवात केल्यामुळे तो अधिकच रुजला; प्रत्यक्षात 'डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स' या सूचीतील बहुतांश जर्नले लेखकाकडून काहीच घेत नाहीत. त्याच सूचीत शोध घेतल्यास फसव्या जर्नलांपासूनही बऱ्यापैकी बचाव होतो. आठवडाभरात समीक्षण (इतर तज्ज्ञांकडून होणारी निबंधाची तपासणी) पूर्ण करण्याची हमी देणारे आमंत्रण आले, तर ते सरळ बाजूला ठेवावे.

शिवाय मार्गदर्शकांशी वाद घालण्याचे कारणच नाही. निबंध त्यांच्या पसंतीच्या जर्नलला द्या आणि स्वीकृत हस्तलिखित संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन संग्रहात, ठेवा. अनेक प्रकाशक याला मुभा देतात, काही जण ठरावीक महिने थांबायला सांगतात. कोणाचा काय नियम आहे, ते 'ओपन पॉलिसी फाइंडर' (पूर्वीचे 'शेर्पा रोमिओ') या संकेतस्थळावर पाहता येते.

तळटीप: जर्नलची हरकत नसेल तर प्रीप्रिंट, म्हणजे समीक्षणाआधीची प्रत, हीसुद्धा खुली ठेवा. १९९१पासून चालू असलेल्या 'अर्काइव्ह' (arXiv) या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावर निबंधाची तारीख सर्वांसमक्ष नोंदली जाते, त्यामुळे समीक्षण वर्षभर रेंगाळले तरी ती कल्पना आधी कोणी मांडली, याचा पुरावा राहतो. रशियन गणितज्ञ पेरेलमन यांनी प्वांकारे अनुमान या गणितातील प्रसिद्ध प्रश्नाची सिद्धता २००२ आणि २००३ साली तेथेच ठेवली आणि कोणत्याही जर्नलकडे धाडली नाही. आपण अर्थातच जर्नलकडेही धाडावी!

जिज्ञासू: स्वीकृत हस्तलिखित म्हणजे जर्नलच्या पानांवर दिसते तीच पीडीएफ ना?

ग्रंथपाल: नाही, आणि घोळ नेमका इथेच होतो. समीक्षकांच्या सूचनांनुसार दुरुस्त केलेली, परंतु प्रकाशकाने अद्याप मांडणी न केलेली तुमची शेवटची फाइल म्हणजे स्वीकृत हस्तलिखित. स्वीकृतीचे पत्र येईल त्याच दिवशी ती वेगळ्या नावाने जपून ठेवा, कारण दोन वर्षांनी मागितली तर बहुतेक लेखकांना ती सापडत नाही.