सरडा, घोयरा आणि 'रंग बदलणे'

प्रश्न : मुलाच्या पुस्तकात कॅमेलिऑनला 'सरडा' म्हटलंय. चित्रातल्या प्राण्याच्या शेपटीचं वेटोळं आहे, डोळे बाहेर आलेले. आमच्या कुंपणावर बसतो तो असा दिसत नाही. मग सरडा नेमका कोणता?

उत्तर : शंका रास्त आहे. कुंपणावरचा तो सरडा. चित्रातला तो घोयरा किंवा घोयरा सरडा. दोघांची कुळंच वेगळी. घोयरा आपल्याकडेही आहे, पण झाडीत इतका मिसळून जातो की सहसा नजरेस पडत नाही. त्याच्या पायाची बोटं दोन आणि तीन अशी जुळलेली असतात, त्यामुळे पाय चिमट्यासारखा फांदीला धरतो. चालतो तेही पुढे-मागे डुलत, वाऱ्यावर पान हलावं तसा. एक डोळा वर, दुसरा खाली बघू शकतो. किडा हेरला की दोन्ही डोळे त्याच्यावर रोखले जातात आणि अंगाहून लांब जीभ सुटते. पाहावं असं दृश्य!

आता 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' घ्या. डुलत चालणाऱ्या घोयऱ्याला कसली धाव? ही म्हण कुंपणावरच्याचीच.

प्रश्न : पण 'सरड्यासारखा रंग बदलणे' तरी घोयऱ्यावरून आलं असेल ना?

उत्तर : मला तसं वाटत नाही. विणीच्या हंगामात साध्या नर सरड्याचं डोकं नि गळा लालभडक होतो, आणि झटापटीत हरला की ती लाली झरझर उतरते. हे अंगणात बसून दिसतं.

शिवाय वाक्प्रचारातला लबाडीचा अर्थ या दोघांवर अन्याय करणारा आहे. घोयरा समोर येईल तो रंग अंगावर घेत नाही. ऊन, थंडी, राग, मादीची ओढ यांनुसार त्याचा रंग पालटतो. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हा रंग कसा पालटतो ते मादागास्करच्या पँथर कॅमेलिऑनवर दाखवलं. त्याच्या कातडीत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. तो शांत असताना ते जवळजवळ असतात, निळा प्रकाश परततो आणि कातडीतल्या पिवळ्याशी मिळून हिरवा दिसतो. चिडला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं आणि हिरव्याचा पिवळा होतो. म्हणजे मनात आहे तेच तो अंगावर दाखवतो.

अवांतर : 'सरडा' संस्कृत 'सरट'वरून आला. दुसरा शब्द कृकलास. भागवतातला नृग राजा कृकलास होऊन कोरड्या विहिरीत पडला होता. मराठी कथांत त्याचाही सरडाच होतो. तिथे हरकत नाही, पण मुलांच्या पुस्तकात चित्राखाली 'घोयरा' छापायलाच हवं.