शब्दचर्चा: जुगाराचा ‘नाद’ म्हणावं की ‘व्यसन’?

धागाकर्ती, मानेवाडा

प्रश्न शब्दाचा आहे, पण आमच्या घरात तो महिनाभर अडून बसला आहे.

माझा धाकटा भाऊ तीन वर्षांपासून मोबाईलवर जुगार खेळतो. सुरुवातीला तो नुसता पाहायचा. रात्री जेवण झालं की कानात इअरफोन घालून कुठल्यातरी परदेशी माणसाचं लाईव्ह लावायचा. तो माणूस तासन्‌तास एकच बटण दाबायचा, चित्रं फिरायची आणि मध्येच तो खुर्चीतून उठून ओरडायचा. आई म्हणायची, "पाहतोच तर आहे, बाहेर तर नाही भटकत." मग केव्हा खेळायला लागला ते कळलंच नाही. कळलं तेव्हा बाबांच्या पीएफमधला मोठा भाग आणि माझ्या नावाची एफडी गेली होती.

दवाखान्यात मानसोपचार विभागाच्या फॉर्मवर ‘तक्रार’ असा रकाना होता. बाबांनी लिहिलं, ‘मोबाईलवर गेम खेळण्याचा नाद आहे.’ डॉक्टरांनी वाचून विचारलं, "पैसे लावतो का?" बाबा खाली पाहत राहिले. मीच "हो" म्हटलं. बाहेर आल्यावर बाबा मला म्हणाले, "जुगार हा शब्द माझ्या हातून लिहिला जात नाही गं."

मला विचारायचं आहे ते असं. छंद, नाद, चटक, लत, वेड, व्यसन यांत खरी उतरंड कोणती? ‘नाद’ मला फार मवाळ वाटतो. पतंगाचाही नाद, भजनाचाही नाद, आणि घर बुडवणाऱ्या गोष्टीलाही नादच? आणि दुसऱ्याचा जुगार नुसता बघत बसण्याला आपल्याकडे काही शब्द आहे का?

प्रतिसाद, महाल

ताई, आधी तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. त्यांच्या हाताला जो शब्द जड गेला त्याचाच इतिहास सांगतो.

‘जुगार’ची व्युत्पत्ती कोशात ‘द्यूतकार’पर्यंत नेलेली आहे. हिंदीतलं ‘जुआ’ नुसत्या ‘द्यूत’वरून आलं. द्यूतकार म्हणजे द्यूत खेळणारा माणूस. मराठीत गंमत अशी झाली की माणसाचं नाव खेळाला चिकटलं आणि माणसासाठी पुन्हा ‘जुगारी’ घडवावा लागला. चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं, पण याचा अर्थ तुमची पोस्ट वाचताना लागला. खेळ आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत, म्हणून बाबांना तो शब्द मुलावर शिक्का मारल्यासारखा वाटला असेल.

‘व्यसन’ची व्याख्या कौटिल्याने अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात केली आहे: ‘व्यस्यत्येनं श्रेयस इति व्यसनम्’. माणसाला त्याच्या हितापासून दूर फेकतं ते व्यसन. यातला ‘अस्’ धातू फेकण्याचा आहे. जुन्या संस्कृतात व्यसन म्हणजे संकटही. राज्यावर पूर, दुष्काळ आला तरी व्यसनच. म्हणजे मूळ शब्दात माणसाच्या चारित्र्यावर ठपका कमी आणि कोसळलेल्या आपत्तीचा अर्थ जास्त. हे बाबांना जरूर सांगा.

आता ‘नाद’. तुम्हाला तो मवाळ वाटतो, मला तो सगळ्यांत भयंकर वाटतो. नाद म्हणजे मुळात आवाज. पारध्याच्या वाद्याला भुलून हरीण जागीच थबकतं, हा दृष्टांत आपल्याकडे जुना आहे. ‘नादी लागणे’ त्याच अंगाचं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त एका जुगाऱ्याच्या तोंडी आहे. त्यात तो म्हणतो, आता यांच्याशी खेळायचं नाही असं मी ठरवतो, सोबती पुढे निघून जातात, मी मागे राहतो. पण ते पिंगट फासे खाली पडून बोलू लागले की मी निघालोच. फासे म्हणजे बेहड्याची फळं. त्यांचा आवाज त्याला ओढून नेतो. त्याच सूक्तात फाशांना हात नसतात, तरी ते हात असलेल्याला नमवतात, असंही आहे.

प्रतिसाद, इतवारी

आमच्या गल्लीत हे सगळे शब्द लहानपणापासून कानावर पडलेले, म्हणून लिहितो. माझे मोठे काका सट्टापट्टी लिहायचे, म्हणजे लोकांचे मटक्याचे आकडे लिहून घ्यायचे. पुढे सोडलं त्यांनी, पण भाषा घरात राहिली.

मटक्याचं ‘ओपन-क्लोज’ कापसाचं आहे. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजचे बाजार उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव मुंबईत यायचे, त्यावर लोक आकडे लावायचे. साठच्या दशकात ते भाव येणं बंद झालं, मग मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. भाव गेला, शब्द राहिला.

क्रिकेटच्या सट्ट्यात ‘लगवाडी’ आणि ‘खयवाडी’. नागपूरच्या पेपरात धाडीची बातमी आली की हे शब्द असतातच. पैसे लावणारा लगवाडी करतो, घेणारा खयवाडी. लावणं आणि खाणं. यात ‘खेळ’ कुठंच नाही, हे ध्यानात घ्या. अड्ड्यावरच्या माणसाला पक्कं ठाऊक होतं की एक जण लावतो अन् दुसरा खातो. मोबाईलवर आल्यावर सगळेच ‘खेळाडू’ झाले.

ताईंनी बघण्याबद्दल विचारलं. जत्रेत झंडीमुंडीच्या, म्हणजे चित्रांच्या फाशांच्या जुगाराच्या पटावर पहिला जिंकणारा बहुतेक वेळा पटवाल्याचाच माणूस असतो. तो मोठ्यानं ओरडतो, नोटा मोजतो, सगळ्यांना दाखवतो. भोवती गर्दी जमते. अशाला आपण ‘पेरलेला माणूस’ म्हणतो. तुमचा भाऊ रात्री ज्याला पाहत होता तो पेरलेला माणूसच होय.

प्रतिसाद, हिंगणा रोड

मी इंजिनिअरिंगला आहे, होस्टेलवर राहतो. वरच्या दादांचा ‘पेरलेला माणूस’ वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्या मजल्यावर पाच-सहा जण तरी असे स्ट्रीम पाहतात.

स्ट्रीम करणारी ही मंडळी स्वतःचे पैसे लावतात असं पोरांना वाटतं. अमेरिकेतल्या एका बड्या स्ट्रीमरने २०२२ मध्ये स्वतःच्या तोंडाने सांगितलं की सोळा महिन्यांत त्याला जुगार दाखवण्याचे ३६ कोटी डॉलर मिळाले. एवढा पगार असलेला माणूस लाख-दोन लाख हरला तर त्याचं काय जातं? आणि आमचा रूममेट मेसचे पैसे लावतो. त्याच वर्षी ट्विच या लाईव्ह व्हिडिओच्या व्यासपीठाने १८ ऑक्टोबरपासून परवाना नसलेल्या स्लॉट (फिरत्या चित्रांचा जुगार), रुलेट (फिरत्या चाकाचा) आणि फाशांच्या साइट दाखवण्यावर बंदी घातली. त्यात स्टेक या ऑनलाइन जुगाराच्या साइटचंही नाव होतं. वर्ष संपायच्या आत किक नावाचं नवं व्यासपीठ आलं, आणि त्यामागे स्टेकचेच संस्थापक होते. म्हणजे पट एका गल्लीतून उचलून दुसऱ्या गल्लीत मांडला.

शब्दांचं सांगायचं तर पोरं ‘हरलो’ कधीच म्हणत नाहीत. दोन चित्रं सारखी येतात आणि तिसरं एका घराने वर थांबतं, तेव्हा म्हणतात ‘हुकलं’. हुकलं म्हटलं की नेम जवळपास बसला होता असं वाटतं. पण त्या मशीनला नेम नसतो, प्रत्येक फेरी मागच्या फेरीपासून तुटलेली असते. दुसरा शब्द ‘जिंकलो’. शंभर लावले, चाळीस परत आले, स्क्रीनवर नाणी उधळली, संगीत वाजलं, आणि पोरगा म्हणतो चाळीस जिंकलो. साठ गेले, त्यासाठी आवाजच नाही.

धागाकर्ती

हे शेवटचं वाक्य मी बाबांना वाचून दाखवलं.

प्रतिसाद, धरमपेठ

बँकेत नोकरी करतो, म्हणून एका शब्दावर माझा राग आहे: ‘परतावा’. या ॲपच्या मराठी-हिंदी जाहिरातीत ‘९६ टक्के परतावा’ असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. आपल्याकडे परतावा म्हणजे मुद्दल राखून वर मिळतं ते. एफडीवर सात टक्के परतावा म्हणजे शंभराचे एकशेसात. इथे ९६ टक्के म्हणजे शंभराचे शहाण्णव, तेही लाखो फेऱ्यांच्या सरासरीने.

हिशेब करून पाहा. दहा रुपयांची फेरी, मिनिटाला दहा फेऱ्या. तासाला सहाशे फेऱ्या, म्हणजे सहा हजार रुपये फिरले. चार टक्क्यांनी सरासरी २४० रुपये तासाला गेले. खिशात पाचशेच असले तरी तेच पैसे फिरून फिरून सहा हजार होतात. हा परतावा नाही, ही घट आहे. कुणाला नेमका शब्द माहीत असेल तर सांगा. मी काउंटरवर लोकांना समजावून थकलो.

प्रतिसाद, इतवारी

साहेब, शब्द आहे न! ‘नाल’. पत्त्याच्या अड्ड्यावर प्रत्येक डावातून अड्डेवाला जी कापतो ती नाल. पोळ्याच्या दिवशी आमच्या मूळ गावी तीन पत्तीचे डाव बसायचे, तिथंही घरमालक नाल काढायचा. तवा ‘९६ टक्के परतावा’ म्हणू नका, ‘चार टक्के नाल’ म्हणा. कोणालेही लगेच समजते.

प्रतिसाद, महाल

इतवारीकरांचा शब्द सोन्यासारखा आहे. कौटिल्याचा द्यूताध्यक्षही जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घेतो. पण तो जिंकणाऱ्याकडून घेई. हे यंत्र प्रत्येक फेरीत कापतं, हरणाऱ्याकडूनही.

प्रतिसाद, अजनी

मी समुपदेशक आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाकडे परत येते.

१९८० पासून डॉक्टरांच्या वर्गीकरणात जुगार ‘आवेग न आवरण्याच्या’ गटात होता, म्हणजे चोरी केल्याशिवाय न राहवणं, आग लावावीशी वाटणं यांच्या पंगतीत. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत, तो उचलून दारू, तंबाखू, अफू यांच्या प्रकरणात ठेवला. शरीरात काहीही न जाता व्यसन म्हणून त्या प्रकरणात बसलेला तो एकटाच आजार. तेव्हा ‘जुगाराचं व्यसन’ हे अलंकारिक बोलणं नाही, ते निदान आहे. एका वर्षात नऊपैकी चार लक्षणं दिसली की निदान होतं: रक्कम वाढवत न्यावी लागणं, थांबलं की चिडचिड, खोटं बोलणं, उसनवारी वगैरे.

त्यातलं एक लक्षण मी इथल्या प्रत्येक घरात ऐकते: "गेलेले काढतो अन् बंद करतो." हे वाक्य ऐकलं की घरच्यांना बरं वाटतं, कारण शेवटी ‘बंद करतो’ आहे. पण आजार पहिल्या अर्ध्या वाक्यात आहे.

लत आणि चटक हे शब्द घरात चालतील, पण रुग्णासमोर ‘लतखोर’ म्हणू नका. आणि ‘गेम’ हा शब्द पार टाकून द्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायचा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वादच बाजूला ठेवला आहे. चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला शिक्षा आहे, खेळणाऱ्याला नाही. बाबांना भीती असेल की जुगार लिहिलं तर पोरगा गुन्हेगार ठरेल, तर त्यांना हे नक्की सांगा. रात्री-बेरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. काल दुसऱ्यांदा दवाखान्यात जाऊन आलो.

‘नाद’बद्दल मी माघार घेते. येताना रिक्षात भावाला महालच्या सरांनी लिहिलेलं सांगितलं, फासे बोलू लागतात ते. तो बराच वेळ बाहेर पाहत होता. मग म्हणाला, "ताई, ॲप काढून टाकलं तरी मले तो आवाज ऐकू येते. नाणी पडल्याचा. झोपेत बी येते." तीन वर्षांत त्याने स्वतःहून सांगितलेली ही पहिली गोष्ट. आता घरात आम्ही दोन्ही शब्द वापरतो. त्याला ओढतो तो नाद, आणि औषध चालू आहे ते व्यसनाचं. तो सकाळी सांगतो, आज नाद कमी आहे किंवा जास्त आहे. ताप सांगावा तसं.

काल फॉर्म पुन्हा भरायचा होता. बाबांनी पेन त्याच्याकडे दिलं. त्याने ‘तक्रार’च्या रकान्यात लिहिलं, ‘जुगाराचं व्यसन, ३ वर्षे’. बाबांनी खाली सही केली.

एकच राहिलं. ‘नाल’ हा शब्द विदर्भाबाहेरही याच अर्थाने चालतो का? आणि बघत बसणाऱ्यासाठी शब्द अजून मिळालेला नाही. पेरणाऱ्याचं नाव सापडलं, पण ज्याच्यात पेरलं जातं त्याचं नाव काय?