मदत हवी आहे: आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी धुरकटच दिसतंय

लोकमान्यनगर_इंदूर (रविवार, रात्री १०:५०)
आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पाच आठवडे होत आले. इथल्याच एका खाजगी दवाखान्यात केलं, चांगल्यातली लेन्स बसवली. दुसऱ्या दिवसापासून लख्ख दिसतं असं सगळ्यांनी सांगितलं होतं. काल तांदूळ निवडायला बसली आणि पाच मिनिटांत ताट बाजूला सारलं. म्हणाली, "खडा कुठला, दाणा कुठला, काही कळत नाही रे." फोन केला तर तिथली मुलगी म्हणते वेळ लागतो, सहा आठवड्यांनी नंबर काढायला या. किती वेळ लागतो हे एकदा कुणीतरी नीट सांगा. दुसऱ्या डॉक्टरांकडे नेऊ का? उद्या सुट्टी टाकायची की नाही ते आजच ठरवायचं आहे.

वर्षा_रामबाग (११:०५)
कोणता डोळा? वय काय? शुगर आहे का? दुसऱ्या डोळ्याचं झालंय का? आणि सगळ्यात आधी हे सांगा: डोळा लाल आहे का, दुखतोय का? दुखणं, लाली आणि नजर झपाट्याने कमी होणं असं काही असेल तर उद्याची वाट पाहू नका, आत्ता रात्रीच न्या. आत पू होण्याची ती खूण असते. डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं होणं किंवा कडेने काळा पडदा सरकणं, हेही तितकंच तातडीचं.

मालवी_आबा (११:२०)
ऑपरेशन भर उन्हाळ्यात केलेलं दिसतंय. माझ्या मातोश्रींचं ग्वाल्हेरला माघात केलं होतं, थंडीत जखम लवकर भरते. शिवाय हल्ली मोतीबिंदू पिकूच देत नाहीत. कच्चा काढला की असंच होतं.

चष्मेवाला_बडोदा (११:४१)
आबा, मोठा छेद देऊन टाके घालायचे तेव्हाच्या या गोष्टी. आता छेद जेमतेम तीन मिलिमीटरचा असतो, त्याला ऋतू लागत नाही. आणि पिकवण्याचं म्हणाल तर उलटंच आहे. मोतीबिंदू जितका कडक, तितका तो फोडायला मशीनचा जोर जास्त लावावा लागतो आणि बुब्बुळाला तितकीच जास्त सूज येते. बडोद्यात दांडिया बाजारात बसून रोज नंबर काढतो, पिकण्याची वाट पाहत डोळा खराब करून घेतलेले पेशंट बघतो, म्हणून इतकं कळकळीने लिहितोय. (मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे.)

लोकमान्यनगर, मला एकच सांगा: पहिल्या दिवसापासूनच धुरकट आहे, की मधे स्वच्छ दिसत होतं आणि आता धुरकट झालंय? आईंनाच विचारा.

लोकमान्यनगर_इंदूर (सोमवार, सकाळी ७:१०)
उजवा डोळा. वय ६८. डाव्याचं व्हायचंय. लाल नाही, दुखत नाही. शुगर आहे पण कंट्रोलमध्ये. या सगळ्याचा काय संबंध ते कळलं नाही. डॉक्टरांचं नाव सुचवा ना कुणी.

नीलाक्षी (७:४५)
लेन्स कोणती? मल्टिफोकल बसवायला हवी होती. माझ्या बाबांनी बसवली, ते आता चष्म्याशिवाय पेपर वाचतात. साध्या लेन्सने जवळचं दिसतच नाही, तांदूळ कसे निवडतील?

चष्मेवाला_बडोदा (८:०२)
नीलाक्षीताई, साध्या लेन्सला वाचायचा चष्मा लागतो हे बरोबर. पण मल्टिफोकलमध्ये उजेड वाटला जातो, अंधुक प्रकाशात उठाव कमी होतो. मधुमेहाने डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) बिघडलेला असेल तर बहुतेक डॉक्टर ती टाळतात. आणि बसवलेली लेन्स आता बदलायची नाहीये. प्रश्न तो नाही.

आरोग्यधन (८:३०)
डोळ्यात प्लॅस्टिक घातल्यावर शरीर ते नाकारणारच. रोज सकाळी शुद्ध गुलाबजल आणि रात्री मधाचा एक थेंब घाला, जाळं निघून जाईल. आमच्याकडे तीन पिढ्या हेच करतात.

वर्षा_रामबाग (८:३४)
कृपा करून हे करू नका. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात डॉक्टरांनी दिलेल्या औषधाशिवाय पाण्याचा थेंबही नको. घरचं गुलाबजल निर्जंतुक नसतं.

प्र_का (९:१५)
प्लॅस्टिक नाकारण्याचं म्हणताय, तर पहिली लेन्स बसवली गेली ती नेमकी उलट अनुभवावरून. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून त्यांचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत गेले होते. काचा म्हणजे अॅक्रिलिकच. डोळ्याने ते कण निमूट सोसले, हे लंडनचे डोळ्यांचे डॉक्टर हॅरल्ड रिडली यांनी पाहिलं आणि १९४९ साली त्याच जातीच्या प्लॅस्टिकची लेन्स बसवली. त्यांनाही तेव्हा खूप विरोध झाला.

लोकमान्यनगर_इंदूर (दुपारी १:२०)
आईशी बोललो. तिने जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. पहिले दोन-तीन आठवडे तिला छान दिसत होतं. भिंती पांढऱ्या आहेत हे इतक्या वर्षांनी कळलं म्हणाली, जरा निळसरच वाटत होत्या. समोरच्या गॅलरीतल्या कुंड्या मोजता येत होत्या. गेल्या आठ-दहा दिवसांत पुन्हा मंद झालं. "तू एवढे पैसे घातलेस, कसं सांगू" म्हणून गप्प बसली. ऑफिसातून लिहितोय, फार वाईट वाटतंय.

मालवी_आबा (१:४०)
म्हणजे मोतीबिंदू परत आला.

चष्मेवाला_बडोदा (१:५२)
मोतीबिंदू परत येत नाही, ज्या भिंगात होतो ते भिंगच काढून टाकलेलं असतं.

आधी नीट दिसून मग बिघडलं, हे महत्त्वाचं. सुरुवातीला बुब्बुळाच्या सुजेने धुरकट असेल तर ते दिवसागणिक सुधारत जातं, उलटं जात नाही. संध्याकाळी दोन गोष्टी करून बघा. डावा डोळा झाकून, जुन्या कार्डाला टाचणीने भोक पाडून त्यातून आईंना कॅलेंडर बघायला सांगा. भोकातून स्पष्ट दिसलं तर बहुतेक नंबरचा प्रश्न. मग खिडकीचे गज बघायला सांगा, सरळ दिसतात का.

आणि थेंब कोणते, दिवसातून किती वेळा चालू आहेत?

लोकमान्यनगर_इंदूर (रात्री ८:३०)
भोकातून काहीच फरक नाही. गज मधे वाकलेले दिसतात. माझ्याकडे बघितलं की चेहऱ्याच्या जागी दुधावरची साय असल्यासारखं आणि कडेचं ठीक.
थेंब बंद आहेत. तिसऱ्या आठवड्यात बाटली संपली.

चष्मेवाला_बडोदा (८:३६)
उद्या सुट्टी टाका. चष्म्याच्या नंबरची वाट पाहू नका. ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडेच आधी जा, सगळे कागद त्यांच्याकडे आहेत. त्या मुलीशी बोलू नका, डॉक्टरांना भेटा आणि हेच शब्द सांगा: आधी स्वच्छ होतं, आता मधे साय, गज वाकडे, शुगर आहे, थेंब मधेच बंद. पडद्याचा ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन) करायला सांगतील. ऑपरेशननंतर साधारण चार ते बारा आठवड्यांत पडद्याच्या मध्यभागी सूज येऊ शकते, शुगरवाल्यांना जास्त. बऱ्याचदा औषधाने उतरते. तोवर दुकानातून तीच बाटली आणून स्वतःच सुरू करू नका, त्यात बहुधा स्टिरॉइड असतं आणि त्याने डोळ्याचा दाब वाढू शकतो.

वर्षा_रामबाग (८:५०)
आणि "कंट्रोलमध्ये" म्हणजे किती? तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी शेवटची कधी झाली?

लोकमान्यनगर_इंदूर (बुधवार, रात्री ९:१५)
काल जाऊन आलो. ओसीटी झाला. पडद्याच्या मध्यभागी सूज आहे, डॉक्टरांनी चित्रात दाखवली, मधे बुडबुड्यांसारखे काळे कप्पे. दाब मोजला, ठीक आहे. दोन प्रकारचे थेंब दिलेत, महिन्याने पुन्हा ओसीटी. नाही उतरली तर इंजेक्शनचा विचार करू म्हणाले. डाव्या डोळ्याचं तोवर थांबवलंय.

फाइल उघडून बघितली. थेंब सहा आठवडे, दर आठवड्याला कमी करत जायचे, असं स्पष्ट लिहिलं होतं. बाटली संपली म्हणजे औषध संपलं असं आम्ही धरलं. वर्षाताई, शुगरची तपासणी दिवाळीनंतर झालीच नव्हती. आता ९.१ आलीय, म्हणजे कंट्रोलमध्ये नव्हतीच.

नीलाक्षी (९:४०)
बाबांचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली, हल्ली रात्री गाडीचे दिवे फाकतात आणि वाचतानाही धूसर होतं. हीच सूज असेल?

चष्मेवाला_बडोदा (९:५२)
इतक्या उशिरा असेल तर बहुधा लेन्स ज्या पातळ पिशवीत बसवतात तिची मागची बाजू गढूळ झाली असेल. यॅग लेसरने त्यात भोक पाडतात, काही मिनिटांचं काम. पण आधी डोळा तपासू द्या, पडदाही बघायला सांगा.

लोकमान्यनगर_इंदूर (१०:०५)
एक विचारायचं राहिलं. दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात, आईला लेबल वाचता येत नाही आणि दुपारी मी घरी नसतो. एकीला रबर बँड लावलाय. दोन्ही थेंब लागोपाठ घातले तर चालतात का?

वर्षा_रामबाग (१०:११)
मधे पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलकेच दाबून धरायचा. आणि औषध दुधासारखं पांढरं असेल तर ती बाटली दर वेळी नीट हलवायची, खाली साका बसतो.

लोकमान्यनगर_इंदूर (१०:१४)
एक पांढरी आहे. आधीचीही तशीच होती, कधी हलवली नाही. तिलाच रबर बँड लावतो. रबर बँडवाली हलवायची, असं आईला आत्ताच सांगून येतो.