विषय: खड्ड्याने गाडीचा चेंबर (इंजिनखालचा ऑइल पॅन) फोडला – जोडावा की बदलावा?

नमस्कार मंडळी,

शुक्रवारी संध्याकाळी मिशिगनमधल्या आय-६९६ हायवेवर, साउथफील्डजवळ, गाडी खड्ड्यात आदळली. खड्डा पाण्याने तुडुंब, दिसलाच नाही. खालून खाडकन आवाज आला आणि दोनेक मैलांवर ऑइलचा लाल दिवा लागला. काळजात धस्स झालं. गाडी कडेला घेऊन लगेच बंद केली आणि टोइंगने घरी आणली. रात्री खाली पुठ्ठा सरकवून ठेवला होता, तो सकाळी काळाकुट्ट.

गॅरेजवाला म्हणतो, ॲल्युमिनियमच्या ऑइल पॅनला तडा गेलाय, नवा टाकायचा तर सबफ्रेम (इंजिनखालची आधाराची चौकट) खाली घ्यावी लागेल, मजुरी धरून ९०० डॉलर. ओळखीतले एक जण म्हणतात, इपॉक्सी (घट्ट होणारा गोंद) लावा, २० डॉलरात काम होतंय. पुढच्या महिन्यात आई-बाबा येताहेत, गाडी लागणारच. काय करू?

– फार्मिंग्टन हिल्सहून

---

ताई,

दिवा लागताच इंजिन बंद केलंत, हे फार चांगलं केलंत. तो दिवा ऑइल कमी झाल्याचा नसतो, प्रेशर गेल्याचा असतो. ‘पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊ’ म्हणणाऱ्यांची बेअरिंगं जातात, मग इंजिनच बदलायची वेळ येते.

इपॉक्सीच्या भरीला पडू नका. तडा कितीही पुसला तरी आतून ऑइल पाझरत राहतं, त्यावर इपॉक्सी धड धरत नाही. शिवाय पॅन तापतो, निवतो, तडा पुढे सरकतो. गाडी गॅरेजपर्यंत न्यायलाही मी त्यावर भरवसा ठेवणार नाही. पॅन बदलाच.

पण नुसता पॅन बदलून थांबू नका. माझ्या जुन्या गाडीचा पॅन पत्र्याचा होता. तो फक्त चेपला, थेंबभरही गळत नव्हता, म्हणून मी तसाच चालवत राहिलो. पुढे थंडीत गाडी सुरू केली की वरून टकटक आवाज यायला लागला. पॅन उतरवला तर चेपलेला पत्रा वर जाऊन सक्शनच्या जाळीला, म्हणजे पंप जिथून ऑइल ओढतो तिथे, टेकलेला! पंपाला ऑइल पुरेसं मिळतच नव्हतं. तुमच्याही गाडीत ती जाळी आणि नळी वाकली नाही ना, जाळीत ॲल्युमिनियमचे कण अडकले नाहीत ना, हे मेकॅनिकला समोर उभं राहून दाखवायला सांगा. पॅनची कड बंद करणारं जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढायला हवं. नवं लावल्यावर ते सुकायला द्यायला हवं, लगेच ऑइल भरायचं नाही. बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे, नाहीतर ॲल्युमिनियमचे आटे जातात. फिल्टरही नवा घाला.

ड्राइव्हवेवरच्या ऑइलवर मांजराची लिटर पसरून बुटाने चोळा, दुसऱ्या दिवशी झाडून घ्या.

– ट्रॉयचे काका

---

काकांच्या मेलला जोडून: मार्चमध्ये दिवसा वितळतं, रात्री गोठतं, म्हणून हे खड्डे रातोरात उघडतात. आय-६९६ राज्याच्या अखत्यारीत येतो, तेव्हा मिशिगनच्या परिवहन खात्याकडे १२० दिवसांच्या आत लेखी दावा करा. खड्डा खात्याला माहीत होता, किंवा ३० दिवस वा जास्त तसाच होता, आणि तरी तो वेळेत बुजवला नाही, हे दिसावं लागतं, त्यामुळे पैसे मिळतीलच असं नाही. तरी जागा, वेळ, फोटो, टोइंगची पावती, सगळं जपून ठेवा. विम्यात हे कोलिजनखाली (धडकेच्या नुकसानीच्या भागात) येतं. डिडक्टिबल (आपल्या खिशातून भरायची रक्कम) किती आहे ते आधी बघा.

आई-बाबांना विमानतळावरून आणायला गाडी लागली तर माझी घेऊन जा, ताई. एक फोन करा.

– नोव्हायहून