मदत हवी आहे: पहिल्या भागात मेलेल्या (किंवा न मेलेल्या) साथीदाराचं काय करू?

नमस्कार मंडळी,

फावल्या वेळात मी आणि एक मित्र गेम बनवतो. लेखन माझ्याकडे, कोड त्याच्याकडे. पहिल्या भागात पुलावरच्या लढाईत भैरवी नावाची साथीदार खेळणाऱ्याच्या निर्णयानुसार जगते किंवा मरते. तेव्हा लिहिताना लय भारी वाटलं होतं, आता दुसऱ्या भागात निस्तरतोय. असे मरू शकणारे तिघं आहेत, म्हणजे आठ शक्यता.

(पुढे जुन्या गेम्सचे स्पॉयलर आहेत.)

बाल्डर्स गेट २ ने (२०००) सरळ हात झटकले. आधीच्या भागात खालिद आणि डायनाहेर या साथीदारांना कितीही जपा, इथे ते मेलेलेच. ड्रॅगन एजचं उलटं. ओरिजिन्स या भागात (२००९) लेलियाना ही साथीदार आपल्या हातून मरू शकते, तरी पुढच्या इन्क्विझिशन भागात (२०१४) बाई हेरखातं सांभाळत उभ्या! मी स्वतः मारलं होतं हो तिला. तेव्हापासून त्या मालिकेतल्या कुठल्याच मरणावर माझा विश्वास नाही.

म्हणून मी बदली माणूस आणला: भैरवीचा धाकटा भाऊ. काम तेच, संवादही जवळपास तेच. पण तंबूतल्या प्रसंगात गाडी अडली. भैरवी मशाल खोचून बसते आणि म्हणते, "पुलावर तू माझा हात सोडला नाहीस." भाऊ तर पुलावर नव्हताच. मी त्याच्या तोंडी घातलं, "ताईनं सांगितलं होतं तुझ्याबद्दल." त्यावर मित्राने फाइलमध्ये शेरा मारला: "कधी? मेल्यावर?"

दुप्पट लिखाण न करता या भावाला स्वतःचं वजन कसं देऊ?

प्रतिसाद १

भैरवीला मुख्य कथेतून काढा आणि एका बाजूच्या क्वेस्टमध्ये (छोट्या जोडमोहिमेत) भेटवा. मास इफेक्ट २ (२०१०) च्या शेवटच्या मोहिमेत जवळजवळ कुणीही मरू शकतं. त्यामुळे त्या भागात नव्याने आलेल्यांपैकी एकही जण तिसऱ्या भागात (२०१२) पथकात कायमचा नाही. लिखाण आटोक्यात राहतं.

धागाकर्ता

पटतंय, पण मग जिने-ज्याने तिला जीव तोडून वाचवलं त्याच्या पदरात काय? दोन मिनिटांची भेट आणि "काळजी घे"?

प्रतिसाद २

संवाद बदलू नका, प्रश्न बदला. पहिल्या मास इफेक्टमध्ये (२००७) रेक्स हा साथीदार मेला तर पुढे क्रोगनांचा (त्याच्या लढवय्या परग्रही जमातीचा) म्होरक्या रीव्ह असतो. तिसऱ्या भागात दोघांच्याही वेळी मोहीम तीच: जेनोफेजवरचा (क्रोगनांना मुलं होऊ न देणाऱ्या रोगावरचा) इलाज द्यायचा की गुपचूप बिघडवायचा. पण रेक्सला शब्द दिला की पाळावासा वाटतो आणि रीव्ह लढाईची खुमखुमी असलेला, त्याच्या हाती हे द्यावं का असं मनात येतं. शिवाय फसवलंत तर रेक्सला कळतं आणि तो जाब विचारायला येतो, रीव्हला पत्ताच लागत नाही. बाकी बराचसा प्रसंग सारखाच, तरी निवड वेगळी होते.

तुमच्या भावाला भैरवीसारखं बोलायला लावू नका. पुलावर काय झालं हे त्याला माहीतच नसू दे.

धागाकर्ता

अरे हो! मशाल तीच, बसायची जागा तीच, फक्त तो विचारतो, "तिचा हात कुणी सोडला?" खेळणारा खरं सांगेल किंवा थाप मारेल. थाप मारली तर तो शेवटच्या लढाईत मागे राहणार नाही, आणि तेच जास्त बोचेल. आज रात्री लिहून बघतो.

आता एकच अडलंय. भैरवी जिवंत असेल तर हा भाऊ असतो कुठे?